छीट: पाच पौंड दंडाचं कापड

1722 च्या नाताळपासून इंग्लंडमध्ये एक कायदा अमलात आला. त्या दिवशी एखादी बाई छिटाचा झगा घालून चर्चला निघाली असती, तर तिला पाच पौंड दंड झाला असता, आणि तो दंड सरकारजमा न होता तिची चुगली करणाऱ्याच्या खिशात गेला असता. लंडनमधल्या मोलकरणीला त्या काळी वर्षभर राबून साधारण तेवढेच पैसे मिळत. प्रश्न अंगावरच्या कपड्यापुरता नव्हता. खुर्चीच्या गादीचा अभ्रा, पलंगाचे पडदे, रजईची खोळ, यांपैकी काहीही रंगीत छापील सुती कापडाचं असलं की गुन्हा. विकणाऱ्या दुकानदाराला वीस पौंड दंड.

पार्लमेंटची झोप उडवणारं हे कापड म्हणजे आपलं छीट. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याचे परकर शिवले, परकर विटला की त्याचे तुकडे गोधडीत घातले आणि गोधडी फाटली की पायपुसणं केलं. घरात त्याला मान असा कधी नव्हताच. पैठणी पेटीत, शालू पेटीत आणि छीट दोरीवर. साता समुद्रापलीकडे मात्र याच कापडापायी दंगे झाले, तुरुंग भरले, फ्रान्सच्या राजाने त्यावर तब्बल 73 वर्षं बंदी घातली.

शब्द साधा आहे. हिंदीत छींट म्हणजे शिंतोडा, ठिपका. त्यावरून ठिपक्या-फुलांचं कापड ते छींट. मराठीत छीट आणि चीट ही दोन्ही रूपं चालतात. पोर्तुगिजांनी त्याचं चिता केलं, डचांनी सिट्स, जर्मनांनी त्सिट्स. इंग्रजांच्या तोंडी आधी चिंट होतं. वखारीच्या हिशेबवह्यांत माल नेहमी अनेकवचनी, म्हणून चिंट्स. पुढे ते अनेकवचनच एकवचन समजलं गेलं आणि शेवटी झेड लावून लिहिलं जाऊ लागलं. आपल्याकडे ठशांनी छापलेलं ते छीट आणि कलमाने रंगवलेली ती कलमकारी असा भेद आहे. गुजरातेत अहमदाबादला, खानदेशात बऱ्हाणपूरला, माळव्यात सिरोंजला ठशांचं काम चाले. पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणपासून पुदुच्चेरीपर्यंत कलमाचं. गोऱ्या व्यापाऱ्यांनी दोन्ही एकाच शब्दात कोंबली.

माल बाहेर जाणं नवं नव्हतं. इजिप्तमध्ये जुन्या कैरोच्या उकिरड्यांत गुजराती छापील कापडाचे मध्ययुगीन तुकडे निघाले आहेत. जावा-सुमात्रातले लोक मसाल्याच्या बदल्यात नाणी घेण्यापेक्षा हेच कापड घेणं पसंत करत, आणि डच-इंग्रज कंपन्या प्रथम त्यात पडल्या त्या याच कारणाने. लवंग, जायफळ हवं तर आधी मच्छलीपट्टणला जाऊन कापड भरा, असा तो व्यवहार. युरोपच्या वाट्याला आलं ते हे उरलंसुरलं, नवलाईचं.

नवलाई वाढत गेली. 1643 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला कळवलं, की तुम्ही पाठवता त्या रजयांची लाल जमीन इथे कुणाला आवडत नाही. पांढऱ्या जमिनीवर फुलं-फांद्या असलेला माल करून घ्या. पुढे नमुन्याची चित्रंही येऊ लागली. कारागिराने न पाहिलेलं इंग्रजी फूल आपल्या हाताच्या वळणाने काढावं, ते लंडनला जावं, तिथल्या चिताऱ्याने त्यालाच अस्सल हिंदुस्थानी समजून त्याची नक्कल करावी आणि ती नक्कल पुन्हा नमुना म्हणून इकडे यावी! त्या काळच्या मोठ्या पलंगपोसांवर जे झाड दिसतं, खडकातून उगवलेलं, एकाच फांदीवर डाळिंब, बांबू आणि कमळ मिरवणारं, ते कोणत्याच देशात उगवत नाही. इंग्रजीत या पलंगपोसाचं पॅलमपोर झालं.

1663 च्या सप्टेंबरात सॅम्युएल पीप्सने बायकोच्या अभ्यासिकेच्या भिंती मढवायला छीट विकत घेतलं आणि रोजनिशीत तशी नोंद केली. नौदलाच्या कचेरीतला चढत्या पगाराचा माणूस. त्याच्या घरात ते भिंतीवर होतं. पुढच्या वीस वर्षांत ते भिंतीवरून अंगावर आलं. आधी मोलकरणींच्या अंगावर, मग मालकिणींच्या. फॅशन खालून वर जाण्याचा हा दुर्मीळ मासला. 1680 च्या दशकात कंपनी वर्षाला दहा लाखांहून अधिक ठाण हिंदुस्थानातून नेत होती. हलकं, स्वस्त, धुता येणारं. मळकी लोकर आणि धुताच न येणारं रेशीम यांत वाढलेल्या माणसाला धुता येणारं रंगीत कापड म्हणजे काय वाटलं असेल, याचा अंदाज आपल्याला सहज येत नाही, कारण आपण कापड म्हणजे धुवायचीच वस्तू समजत आलो आहोत.

खरी जादू तीच होती: धुतलं तरी रंग जात नाही. उलट ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सिरोंजच्या छिटाबद्दल लिहितो, की ते जितकं धुवावं तितकं खुलतं, आणि त्याचं श्रेय तो तिथल्या नदीच्या पावसाळ्यानंतरच्या पाण्याला देतो. पाण्याचा काही वाटा असेलही. पण गुपित नदीत नव्हतं, ते तुरटीत आणि हिरड्यात होतं.

हे जरा जवळून पाहायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास याच भांड्यात शिजला आहे. सुती धाग्याला तांबडा रंग आपणहून धरत नाही. तांबड्या मुळीच्या उकळत्या पाण्यात कापड टाका, लाल होईल, पण दोन धुण्यांत पुन्हा फिकट. पूर्व किनाऱ्यावरचे रंगारी आधी कोरं कापड हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवत. हिरडा तोच, जो आपण बाळाच्या गुटीत उगाळतो. त्यातलं तुरट द्रव्य धाग्यात मुरतं आणि दुधातल्या स्निग्धपणामुळे पुढे काढलेली रेघ फुटत नाही, फाकत नाही. मग लाकडी दांडक्यांनी कापड कुटून गुळगुळीत करायचं. नक्षी टोचलेला कागद त्यावर ठेवून कोळशाची पूड झटकायची की ठिपक्यांनी चित्र उमटतं. मग कलम. कलम म्हणजे बांबूची काडी आणि तिला बांधलेला केसांचा किंवा लोकरीचा बोळा; बोळा दाबावा तसतसा रस टोकाकडे झरतो. आंबवलेल्या पेजेत गंजकं लोखंड घालून केलेलं पाणी या कलमाने ओढलं, की हिरड्याशी गाठ पडताच रेघ काळी होते.

आणि जिथे लाल हवं तिथे? तिथे लाल रंग लावायचाच नाही. तिथे तुरटीचं पाणी लावायचं. त्याला रंगच नसतो. कारागिराला आपण कुठवर आलो ते दिसावं म्हणून त्यात पतंगाच्या लाकडाचा थोडा कच्चा रंग मिसळत. म्हणजे माणूस फूल रंगवत नाही, फुलाची जागा तेवढी तयार करून ठेवतो. मग अख्खं कापड चाय नावाच्या झुडपाच्या मुळ्यांसोबत उकळायचं. तुरटी असेल तिथे रंग लाल चढतो, तुरटी पातळ असेल तिथे गुलाबी, तुरटीत लोखंड मिसळलेलं असेल तिथे जांभळट, आणि काहीच लावलेलं नसेल तिथला रंग शेणाच्या पाण्यात बुडवून उन्हात पसरल्यावर निघून जातो. भांडं एक, मुळी एक, आणि बाहेर येतात चार रंग. निळ्यासाठी सगळं कापड मेणाने झाकायचं, निळी हवी तेवढीच जागा उघडी ठेवायची आणि निळीच्या पिंपात बुचकळायचं. हे काम बहुधा वेगळ्याच लोकांचं, आपल्याकडे निळारी वेगळे आणि रंगारी वेगळे तसं. पिवळा शेवटी हाताने भरायचा. निळ्यावर पिवळा भरला की पानं हिरवी. हा पिवळा मात्र कच्चा असे. संग्रहालयांतल्या जुन्या छिटांवर पानं निळी का, असा प्रश्न पडतो त्याचं उत्तर एवढंच, की पिवळा उडून गेला.

युरोपातल्या रंगाऱ्यांना तुरटी ठाऊक नव्हती असं नाही. लोकर ते तुरटीतच बुचकळत आणि लाल मंजिष्ठही त्यांच्याकडे पिकत होती. पण बुचकळणं वेगळं आणि तुरटीनेच चित्र काढणं वेगळं. त्यांचं सुती छापकाम म्हणजे तेलात कालवलेला रंग ठशाने वर चोपडायचा; वास यायचा, तडे जायचे आणि पाणी लागताच फूल पुसलं जायचं. 1648 साली मार्सेय बंदरात पत्त्यांचे कॅट छापणाऱ्या एकाने कापड छापायला घेतलं, यातच त्यांची मजल कळते. 1672 मध्ये तिथेच काही आर्मेनियन कारागीर आणवले गेले. 1676 मध्ये इंग्लंडात विल्यम शेरविन नावाच्या खोदकाम करणाऱ्याने हिंदुस्थानी छपाईची ‘एकमेव खरी’ रीत आपल्याला सापडल्याचं सांगून 14 वर्षांचं पेटंट मिळवलं. एकमेव खरी म्हणायची वेळ आली, याचा अर्थ खोट्या बऱ्याच असाव्यात.

इतक्यात विणकर रस्त्यावर आले. इंग्लंडची श्रीमंती शेकडो वर्षं लोकरीवर उभी होती, रेशमाचा धंदा नव्याने वाढत होता, आणि दोन्हीकडचे माग बंद पडू लागले. लंडनच्या पूर्वेला स्पिटलफील्ड्स ही रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. त्यांतले पुष्कळजण फ्रान्समधून धर्मासाठी पळून आलेल्या प्रॉटेस्टंट घराण्यांतले. 1697 च्या जानेवारीत विणकरांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवरच हल्ला केला. पार्लमेंटने 1700 साली कायदा केला: 29 सप्टेंबर 1701 नंतर हिंदुस्थान, इराण, चीनमधलं रेशीम आणि रंगवलेलं, छापलेलं सुती कापड देशात वापरायचं नाही. आणून परदेशी विकायला मोकळीक.

कायद्यात एक भोक राहिलं. कोरं पांढरं कापड जकात भरून आणायला मुभा होती. मग ते आणून लंडनमध्येच छापायला कुणाची हरकत असणार? टेम्स नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी छपाईचे कारखाने उभे राहिले, मैदानांत ब्लीचिंगसाठी कापडं पसरली गेली. विणकराला वाचवायला केलेल्या कायद्याने त्याच्या दारातच नवा शत्रू वाढवला. माझ्या मते इंग्लंडच्या कापडगिरणीचा इतिहास यंत्रापासून सांगतात ते चुकतं. तो या भोकापासून सांगायला हवा.

1719 च्या जूनमध्ये उद्रेक झाला. सुमारे चार हजार विणकर रस्त्यावर उतरले. छिटाचा झगा घातलेली बाई दिसली की तिच्यावर शाई फेकायची, तेजाब फेकायचं, झगा फाडून काढायचा, चिंध्या काठीला बांधून मिरवायच्या. अशा बायकांना त्यांनी ‘कॅलिको मॅडम’ असं नाव ठेवलं होतं. कॅलिको म्हणजे कालिकतवरून आलेलं सुती कापड. घोडदळ बोलवावं लागलं, काहींना तुरुंगात टाकलं, तरी दंगे वर्षभर अधूनमधून चालूच राहिले. छापखान्यांतून पत्रकांचा पाऊस पडला. विणकरांच्या बाजूने लेखणी चालवणाऱ्यांत डॅनिएल डिफो होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा रॉबिन्सन क्रूसो बाजारात आला होता. एका हाताने निर्जन बेटावरच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याची गोष्ट आणि दुसऱ्या हाताने व्यापारी कंपनीवर तोफा.

रस्त्यावर बाईचे कपडे फाडणाऱ्यांची कड कुणी घेणार नाही, मीही घेत नाही. तरी त्या माणसांची गोष्ट मराठी वाचकाने परकी समजू नये. परदेशातून येणारं स्वस्त, सुंदर, पक्क्या रंगाचं कापड, देशी मागावर पडलेली धूळ, ‘बायकांना नटव्या मालाचा सोस’ म्हणून होणारा त्रागा, आणि सरकारचं पाठबळ व्यापाऱ्यांना असल्याचा संशय. लोकहितवादींनी 1848 ते 1850 च्या दरम्यान ‘प्रभाकर’मधल्या शतपत्रांतून विलायती माल घेऊ नका म्हणून सांगितलं, तेव्हा युक्तिवाद फार वेगळा नव्हता. फक्त जहाजांची दिशा बदललेली होती. स्पिटलफील्ड्सच्या विणकरांकडे पार्लमेंट होतं, आपल्या विणकरांकडे ते नव्हतं, हा फरक मात्र जमीन-अस्मानाचा.

पार्लमेंट हललं आणि 1721 चा कायदा झाला. सुरुवातीला सांगितलेला पाच पौंडांचा दंड याच कायद्यातला. आता इंग्लंडमध्ये छापलेलं छीटही वापरायचं नाही. मलमल आणि संपूर्ण निळं कापड तेवढं सुटलं. पण याही वेळी दोन फटी राहिल्याच: परदेशी पाठवायचं कापड छापायला बंदी नव्हती, आणि तागाचा ताणा व सुताचा बाणा असलेल्या फस्टियन या मँचेस्टरच्या कापडालाही नव्हती. 1736 च्या कायद्याने तर असं मिश्र कापड छापून वापरायला स्पष्ट परवानगी दिली. लँकेशायरला आणखी काय हवं होतं? हिंदुस्थानी माल दारातून बाहेर, गिऱ्हाइकाची आवड मात्र घरातच. ज्याला नकली छीट पुरेसं चांगलं करता येईल त्याचं नशीब उघडणार होतं.

फ्रान्सने हे सारं आधीच आणि जास्त कडकपणे केलं होतं. चौदाव्या लुईच्या सरकारने 26 ऑक्टोबर 1686 ला हुकूम काढला: हिंदुस्थानी छीट आणायचं नाही आणि देशात छापायचंही नाही. छपाईचे ठसे फोडून टाका. वर्षभरापूर्वीच राजाने प्रॉटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं होतं. त्यांतले हातात कला असलेले लोक जिनिव्हा, नॉयशातेलकडे निघून गेले आणि स्वित्झर्लंडमध्ये छपाईचा धंदा भरभराटला. तोच माल मग डोंगर ओलांडून चोरवाटांनी फ्रान्समध्ये. दर काही वर्षांनी नवा हुकूम निघे आणि त्यातली शिक्षा आधीपेक्षा वाढलेली असे. दंड, कापड जाळणं, सराईत चोरट्या व्यापाऱ्यांना वल्ही मारायला राजाच्या गलबतांवर पाठवणं, मृत्युदंड. बंदीपायी हजारो माणसं मारली गेली असे आकडे काही पुस्तकांत सापडतात. त्यांत मीठ-तंबाखूच्या तस्करांचाही हिशेब मिसळलेला असल्याने मला ते विश्वासार्ह वाटत नाहीत. मरायचे ते गरीब, एवढं मात्र नक्की. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पॉम्पादूर हिच्या बेलव्यूच्या महालात हेच बंदी असलेलं कापड होतं आणि तिथे कुणी झडती घ्यायला गेलं नाही.

आणि या बंदीच्या आधीपासून, आणि तिच्या ऐन भरातही, फ्रेंच माणसं हिंदुस्थानात बसून वही घेऊन रंगाऱ्याकडे पाहत होती.

पहिला होता जॉर्ज रोक, फ्रेंच कंपनीचा नोकर. त्याने 1678 च्या सुमारास अहमदाबाद, बऱ्हाणपूर आणि सिरोंजच्या ठसेकामाची तपशीलवार माहिती लिहून ठेवली; ठशांनी छापणारा छिपी कुठे फसवतो, दलाल किती खातो हेसुद्धा. व्यापारी माणसाची नजर ती. दुसरा बोल्यू, नौदलातला अधिकारी. पॅरिसच्या द्यू फे या रसायनशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याने 1730 च्या दशकात पुदुच्चेरीला एका रंगाऱ्यासमोर ठाण मांडलं. त्याची पद्धत साधी आणि नामी होती. प्रत्येक टप्पा झाला की त्या कापडाचा एक तुकडा कापून घ्यायचा, त्याला माहिती जोडायची, मग पुढचा टप्पा. कोरं, दुधा-हिरड्यातलं, काळ्या रेघांचं, मुळीत उकळलेलं, मेण लावलेलं असे ते तुकडे हस्तलिखितासह पॅरिसच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात आजही आहेत. कुण्या कारागिराचं काम असं इयत्तावार, पाठ्यपुस्तकासारखं मांडलेलं त्या काळातलं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

तिसऱ्याची गोष्ट जास्त टोचते. गास्ताँ-लोराँ कर्दू हा जेझुइट पाद्री. त्याने बाटवलेल्या ख्रिस्त्यांत काही रंगारी होते. त्यांना विचारून, कधी जोखून, त्याने सगळी रीत गोळा केली आणि 18 जानेवारी 1742 च्या पत्रातून फ्रान्सला धाडली. पत्र लवकरच छापून आलं, इतर भाषांत गेलं. चोरून काही नाही, उघड छापील. हिरडा किती, दूध केव्हा, तुरटी कशी विरघळवायची, चायची मुळी कुठली चांगली, शेणपाणी किती वेळ. कबुलीजबाब देणाऱ्या माणसाकडून धंद्याचं गुपितही घ्यायचं, याला चोरी म्हणायचं की ज्ञानप्रसार? पाद्रीबुवांचा हेतू आपल्या देशाला उपयोग व्हावा हा होता आणि त्यांनी तो लपवला नाही. ज्याच्या घराण्याचं पोट त्या हिरड्या-तुरटीवर चाले, त्या रंगाऱ्याचं नाव मात्र पत्रातून आपल्याला कळत नाही. संस्कृत आणि ग्रीक-लॅटिन यांतलं नातं विल्यम जोन्सच्या आधी ज्यांनी दाखवून दिलं त्यांत हाच कर्दू होता. भाषेचा इतिहास शिकणारे त्याला ओळखतात, कापडाचा शिकणारेही. एकच माणूस, दोन्हीकडे तीच सवय: लोक काय करतात ते नीट ऐकून टिपून ठेवणं.

फ्रान्समधली बंदी 1759 मध्ये उठली. त्याच्या आदल्या वर्षी मोरेले या विचारवंत पाद्र्याने छिटाच्या बाजूने पुस्तिका लिहिली होती आणि सरकारातही मुक्त व्यापाराचं वारं शिरलं होतं. लगेच 1760 मध्ये ओबरकांफ या जर्मन तरुणाने पॅरिसजवळच्या झुई गावात छपाई सुरू केली. पुढे त्याच्या कारखान्याला राजाश्रय मिळाला आणि झुईचं कापड म्हणजे जणू फ्रान्सची जुनी परंपराच असं लोक समजू लागले.

इंग्लंडमध्ये 1774 साली गाठ सुटली. रिचर्ड आर्कराइटच्या यंत्राने आता ताण्याला पुरेसा मजबूत असा सुती धागा निघत होता. त्यानेच पार्लमेंटकडे खटपट केली. इंग्लंडात कातलेलं, विणलेलं, छापलेलं निव्वळ सुती कापड वापरायला मोकळीक मिळाली. ओळख पटावी म्हणून अशा कापडाच्या किनारीत तीन निळे धागे विणायचे. हिंदुस्थानी छिटावरची बंदी मात्र कायम.

ती किती कायम होती याचा मासला दुसऱ्याच वर्षी दिसला. डेव्हिड गॅरिक हा लंडनच्या रंगभूमीचा त्या काळचा सर्वांत मोठा नट. कलकत्त्याच्या इंग्रज व्यापाऱ्यांना नाटकगृह उभारायला त्याने मदत केली होती. त्यांनी कृतज्ञतेपोटी त्याच्या बायकोला मच्छलीपट्टणचं छीट भेट पाठवलं. पांढरी जमीन, त्यावर फुलांनी लगडलेलं झाड. बाईंनी ते पलंगाला लावायचं ठरवलं आणि जकातवाल्यांनी जप्त केलं. 1775 मध्ये गॅरिकने तिजोरीखात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला विनवणीचं पत्र लिहिलं. एवढा मोठा नट, एवढी ओळख, तरी हेलपाटे चुकले नाहीत. शेवटी कापड परत मिळालं, आणि आज तो पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

त्यानंतरच्या गोष्टी भराभर घडल्या. 1783 मध्ये थॉमस बेलने कोरीव तांब्याच्या फिरत्या रुळांनी छपाई करण्याचं पेटंट घेतलं. ठशाने दिवसभर राबून जेवढं छापावं तेवढं यंत्र काही मिनिटांत ओकू लागलं. 1868 मध्ये बर्लिनच्या ग्रेबे आणि लीबरमान यांनी तांबड्या मुळीतलं मूळ द्रव्य, अलिझरिन, डांबरापासून बनवलं. झालं, मुळीच नको. चायची मुळी खणणारे, आपल्याकडे आल लावणारे शेतकरी एका पिढीत संपले. आलीच्या मुळीचा तो पक्का तांबडा रंग महाराष्ट्रात जास्त करून कुठे दिसे? आलवणात. ज्या लालीसाठी युरोप वेडा झाला होता ती आपण सोवळ्या विधवेच्या अंगावर घातली होती. शब्द आलीवरूनच आला आहे.

मँचेस्टरचं छीट मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात गाठोड्यांनी येऊ लागलं तेव्हा त्यावरची फुलं कुठून निघाली होती हे कुणाला आठवणार! 1877 मध्ये दिल्ली दरबारात सार्वजनिक काका जाडीभरडी देशी वस्त्रं नेसून गेले. 7 ऑक्टोबर 1905 ला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात इंग्रजी छिटाचे तुकडे नक्कीच असणार, म्हणजे मच्छलीपट्टणच्या रंगाऱ्याच्या नकलेची नक्कल जळाली. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू मेला, तोवर छीट म्हणजे काय याचा अर्थच पालटला होता.

इंग्रजीत त्याची किंमत आधीच उतरली होती. 1851 मध्ये जॉर्ज एलियटने एका पत्रात एका कापडाला ‘चिंट्झी’ म्हटलं, नाक मुरडून. एकदा यंत्राने गल्लोगल्ली स्वस्त केलं की पूर्वी ज्यासाठी दंड भरायचे तेच भिकार वाटू लागतं. आज त्या भाषेत चिंट्झी म्हणजे दिखाऊ, हलकं, कधीकधी चिक्कूसुद्धा. हॉलंडमधल्या हिंडेलोपन गावच्या बायकांना हे मान्य नसावं. सणावारी पोशाखाचा त्यांचा लांब अंगरखा छिटाचा असे, आणि सुतकात निळ्या-पांढऱ्या छिटाचा.

पोर्तुगिजांचं चिता मात्र मजेत आहे. आता त्यांच्या उच्चारात ते शिता झालंय. ब्राझीलमध्ये शिता म्हणजे जाडसर, स्वस्त, भडक फुलांचं सुती कापड, आणि फुलं हाताच्या पंजाएवढी मोठी असली की शितांव. जून महिन्यातल्या संत जॉनच्या जत्रेत पोरीबाळी त्याचे घेरदार झगे घालून नाचतात, मंडपाला त्याच्याच झालरी लावतात, टेबलावर तेच अंथरतात. दुसऱ्या दिवशी धुऊन वाळत घालतात.